आवडलं, तर सांगते

"याला शून्य? अहो, बरोबर लिहिलंय की पोरानं!"

हर्षालीनं दचकून वर पाहिलं. निमाणी स्टँडवरून अंबडला जाणारी सकाळची बस, खिडकीच्या फटीतून आत येणारी डिसेंबरची थंडी, मांडीवर नववीच्या भूमितीचे पेपर... आणि शेजारी कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस, तिच्या पेपरात मान घालून बसलेला.

"दुसऱ्यांचे पेपर वाचायची सवय आहे का तुम्हाला?"

"नाही हो मॅडम. पण डोळ्यांसमोर पोरावर अन्याय होतोय, तर गप्प कसं बसायचं?" त्यानं ओळ वाचूनच दाखवली. "चौकोन चौरस असेल, तर त्याचे कर्ण समान असतात. म्हणून कर्ण समान असतील, तर तो चौकोन चौरस असतो. एकच तर गोष्ट आहे!"

"एकच नाही." हर्षालीनं त्याच्या मांडीवरच्या लांबट डब्याकडे पेन रोखलं. "या झाकणाचे दोन्ही कर्ण मोजून बघा. समान भरतील. मग डबा चौरस आहे का?"

त्यानं डब्याकडे बघत डोकं खाजवलं.

"नाही... आयत आहे."

"मग?"

"मग द्या शून्य!" तो इतका मोकळा हसला, की पुढच्या सीटवरच्या आजींनी वळून पाहिलं.

"विधान उलटं फिरवलं, की त्याचा व्यत्यास होतो," हर्षाली म्हणाली. शाळेतला आवाज बसमध्येही सुटत नव्हता. "मूळ विधान खरं, म्हणून व्यत्यास खरा असेलच असं नाही."

पवननगरला ती उतरली. बस पुढं गेली तेव्हा खिडकीतून तो हात हलवत होता. आपणही हात वर केलाय, हे तिच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

त्याचं नाव शेखर. गाव विंचूर, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, तयार झालेले भाग तपासायची. हर्षाली सायखेड्याची. पंचवटीत आत्याकडे राहायची आणि सिडकोतल्या शाळेत शिकवायची. दुसऱ्या दिवशी त्यानं खिडकीची जागा धरून ठेवली होती, सीटवर तोच डबा ठेवून. तिसऱ्या दिवशीही. पुढं पुढं कंडक्टरच म्हणायला लागला, "मॅडम, तुमची जागा तिकडं आहे."

"बस उशिरा आली, तर तुम्ही चिडता," एका सकाळी शेखर म्हणाला. "आज चिडलाय. म्हणजे बस उशिरा आली होती!"

"चूक. बस वेळेवर होती. नववी ब आठवली म्हणून चिडले."

"छे! परत व्यत्यासात पडलो." त्यानं कपाळावर हात मारला. "मग खात्रीनं उलटं फिरवताच येत नाही का काही?"

"येतं ना. फिरवायचं, आणि दोन्हीकडे 'नाही' लावायचं. कर्ण समान नसतील, तर चौकोन चौरस नाही. हे मूळ विधानाइतकंच पक्कं."

"म्हणजे... तुम्ही चिडला नसाल, तर बस उशिरा आलेली नाही."

"शाब्बास!"

"मार्क?"

"वर्तन सुधारा, मग बघू."

हसताना तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक पंक्चरचं दुकान आणि धुकं.

एका रविवारी ती दोघं मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेली. द्राक्षबागेच्या कडेला टेबलं मांडलेली. रश्शानं दोघांचीही नाकं लाल झालेली. शेखर पावाचा तुकडा नुसताच बोटांत चुरत होता.

"एक विचारू? एखाद्या मुलीला कोणी आवडलं... तर समोरच्याला कळतं कसं?"

हर्षालीनं चमचा खाली ठेवला. उत्तर अगदी जिभेवर होतं. पण ती लहानपणापासून अशीच, गळ्यापर्यंत आलेलं गिळून टाकणारी. कॉलेजात एक जण आवडला होता. त्याच्या लग्नात जाऊन ती जेवून आली होती, पण कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि भित्री म्हणवून घ्यायचंही तिला आवडत नसे. म्हणून तिनं मान ताठ केली.

"बाकीच्यांचं माहीत नाही. मला कोणी आवडलं, तर मी सांगते. सरळ तोंडावर. त्यात काय घाबरायचं?"

"अच्छा..." शेखर म्हणाला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, परत वाटीकडे पाहिलं. तिनं फक्त जास्तीचा कांदा मागवला.

सोमवारी बसमध्ये खिडकीची जागा रिकामी होती. डबाही नव्हता, शेखरही नव्हता. मंगळवारीही नाही. तिनं मेसेज केला, तर उत्तर आलं, 'शिफ्ट बदलली आहे. काळजी घ्या.' त्या 'काळजी घ्या'नं तिला जास्तच काळजी लागली. वर्गात ती फळ्यावर त्रिकोण काढायची आणि त्याच्या शिरोबिंदूंना नावं द्यायलाच विसरायची.

शेवटी एके दिवशी शेखरचा कंपनीतला मित्र सनी बसमध्ये भेटला.

"शेखर? तो चाकणला चाललाय की, मॅडम. आमच्या तिकडच्या प्लँटला. सोमवारी निघणार."

"बदली झाली?"

"बदली कसली! स्वतः मागून घेतली. मी म्हटलं, काय रे, एवढं सुखाचं सोडून... तर म्हणे, इथली बस नको वाटते."

पवननगर आलं आणि गेलं. हर्षाली उतरलीच नाही. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा तिनं शाळेत फोन करून अर्धी रजा टाकली.

अंबडला कारखान्याच्या फाटकाबाहेर टपरीपाशी ती उभी राहिली. हवेत तापलेल्या लोखंडाचा वास होता. ट्रक मागं घ्यायला लावणाऱ्या क्लीनरचं "आन दे, आन दे" चाललं होतं. पहारेकऱ्यानं आत निरोप दिला आणि चहाच्या सुट्टीत शेखर बाहेर आला. तिला पाहून पाय जागीच थांबले त्याचे.

"मॅडम? तुम्ही इथं... शाळा?"

"चाकणला का चाललात?"

"चांगली संधी आहे."

"खोटं."

तो खाली बघत हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत ना? तुम्हाला कोणी आवडलं, तर तुम्ही सांगता. मी वाट बघितली. तुम्ही सांगितलं नाहीत. म्हणजे... आवडलो नाही. उलटं फिरवलं, दोन्हीकडे 'नाही' लावलं. दहादा तपासलं मी. यात चूक निघत नाही."

हर्षालीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

"चूक नाहीच. तुम्ही बरोबरच सोडवलंत."

त्याचा चेहरा पार उतरला.

"पण..." तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला. "पण मूळ विधानच खोटं असलं, तर? मी... मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कधीच नाही. त्या दिवशी उगाच शेखी मिरवली. कुणी खरंच आवडलं, की माझी बोबडीच वळते."

"म्हणजे?"

"आता आणखी कसं सांगू? इथं तीन ट्रक उभे आहेत, पहारेकरी बघतोय..." तिनं श्वास घेतला. "तुम्ही आवडता मला. पेपरात मान घातलीत ना, तेव्हापासूनच बहुतेक."

टपरीवाल्यानं पुढं केलेला चहा शेखरनं घेतला आणि न पिताच तिच्या हातात दिला.

"मग तुम्ही का नाही विचारलंत?" ती म्हणाली. "तुम्हाला तर कुणी अडवलं नव्हतं!"

"वाटलं, नाही म्हणालात तर शेजारची जागाही जाईल."

"म्हणून स्वतःच जागा सोडून पळालात?"

"हो." तो ओशाळून हसला. "गणित कच्चंच आहे माझं, हर्षाली."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. ट्रकचा हॉर्न वाजला, कुणीतरी आतून शेखरला बोलावलं. दोघंही हलली नाहीत.

चाकण मात्र टळलं नाही. साहेबांनी कागद पुढं पाठवला होता. सहा महिने तरी जावंच लागणार होतं. पण जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, ती त्याला घेऊन सायखेड्याला गेली. नदीवरून गार वारा येत होता. बाप खंडेराव मळ्यात गेला होता, आणि अंगणात आई यशोदाबाई मेथी निवडत बसली होती.

रस्ताभर शेखरनं बोलण्याची तयारी केली होती. नोकरी काय, घर कुठं, विंचूरला कोण कोण असतं. त्यानं वाकून नमस्कार केला, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

"आई," त्याच्या आधी हर्षालीच बोलली. कान लाल झाले होते, पण आवाज अडखळला नाही. "हा शेखर. मला आवडतो. याच्याशीच लग्न करायचंय मला."

यशोदाबाईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. लेकीच्या तोंडून असं सरळ वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं शेखरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

"बरं. तुझ्या बापाला मी सांगते. आधी हातपाय धू दे त्याला," ती म्हणाली. "पोरगं लय वाळल्यालं हाय. भाकऱ्या टाकते मी."