दोन बोटं डिझेल

ट्रकची डिझेलची टाकी बदलायची म्हणजे काही विहीर खणायची नव्हती. जुनी उतरवायची, नवी चढवायची, चार नट आवळायचे, झालं. एका दुपारचं काम. निदान हुक तरी तसंच म्हणाला होता, आणि पंचवीस वर्षं त्याचं म्हणणं ऐकत आलेल्या त्याच्या बायकोने 'बरं' म्हणून बाह्या वर केल्या होत्या.

बंद पडलेल्या, उलटलेल्या, दरीत गेलेल्या गाड्या ओढून आणायचं हुकचं काम. त्याच्या टोइंग ट्रकच्या मागे लोंबणाऱ्या लोखंडी हुकावरून अख्खा रस्ता त्याला हुकच म्हणायचा. बायकोला रस्ता वहिनी म्हणायचा. ट्रकच्या दारावर घरचा नंबर रंगवलेला होता. हुक बाहेर असला की फोन तीच घ्यायची, आणि हुक बाहेरच असायचा.

जुनी टाकी दीडशे लिटरची होती. तळाला गंज खाऊन ती थेंब थेंब गळायला लागली होती. नवी चारशेची.

"म्हणजे घरी यायला उरलेलं एक कारण होतं, तेही गेलं," ती म्हणाली. "टाकी रिकामी व्हायची म्हणून तरी दिसायचात."

"तुला कशातही खोटच दिसते," हुक ट्रकखाली सरपटत म्हणाला. "पंप शोधत हिंडायचा वेळ वाचेल."

"आणि वाचलेला वेळ ठेवणार कुठे?"

ट्रकखालून हात बाहेर आला, एकोणीसचा पाना मागत. तिने तो दिला.

नवी म्हणायची, पण टाकी होती भंगारवाल्याकडची. दीड महिन्यापूर्वी घाटात एक ट्रक दरीत गेला होता, त्याची. तो ट्रक हुकनेच वर ओढून आणला होता. केबिनचा चुराडा, ड्रायव्हर जागच्या जागी गेलेला, आणि टाकीला ओरखडाही नाही. बावीस दिवस बाहेर राहून तो ड्रायव्हर घरी निघाला होता, असं नंतर कळलं. घर दोन तासांवर राहिलं होतं.

टाकी हातगाडीवर चढवताना भंगारवाला म्हणाला होता, "आत थोडं डिझेल आहे वहिनी. ते तेवढं ओतून टाका. मातीत जिरू द्या."

"का हो?"

"ज्याची खेप, त्याचं डिझेल. माझा बाप ओतायचा, मी ओततो. मेलेल्या गाडीतलं चालत्या गाडीत घालत नाहीत आमच्या धंद्यात."

ओतायचं काम तिच्याकडे आलं. परसात तिने टाकी कलती केली, आत लाकडी पट्टी सोडली आणि वर काढून बघितली. दोन बोटं ओली. एवढ्या मोठ्या टाकीत दोन बोटं म्हणजे काही नाही तरी बारा-तेरा लिटर. उन्हात ते मधासारखं चमकत होतं. तिने मातीकडे बघितलं, डिझेलकडे बघितलं. ताटात टाकलेलं अन्न जिला आयुष्यात बघवलं नाही, तिला हे बघवणार होतं थोडंच? तिने जुन्या सुती कापडाच्या दोन घड्या केल्या, डिझेल कॅनमध्ये गाळलं, टाकी आतून पुसली आणि गाळलेलं पुन्हा आत ओतलं.

"ओतलंस?" हुकने विचारलं.

"ओतलं."

खोटंही नव्हतं म्हणा. कुठे ओतलं, ते त्याने विचारलं नाही.

पुढचं काम जिकिरीचं होतं. नवी टाकी लांबीला हातभर जास्त, त्यामुळे हत्यारांची पेटी मागे सरकवावी लागली. चासीला वेल्डिंग करायचं नाही हा हुकचा नेम, म्हणून ड्रिलने नवी भोकं पाडून ब्रॅकेट बोल्टाने आवळले. ब्रॅकेटवर रबराची पट्टी, वर टाकी, तिच्यावर लोखंडी पट्टे. दोघांनी मिळून टाकी उचलली तेव्हा आतलं दोन बोटं डिझेल एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. सावकाश. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं. हुकने तिच्याकडे बघितलं.

"हे काय आहे आत?"

"तळाशी राहिलं असेल थोडं."

नळ्या जोडून झाल्या. नळीत हवा राहिली तर डिझेलचं इंजिन सुरूच होत नाही, म्हणून फिल्टरचा नट सैल करून हातपंप मारत बसावं लागतं, बुडबुडे थांबेपर्यंत. ते काम तिचं. तिने पंप मारला. नटाखालून फेस आला, फसफसला, आणि मग हवा सुटली. तिने अशी हवा शंभरदा काढली होती. पण ही निराळी सुटली, लांब आणि थकलेली. मोठा जिना चढून आलेला माणूस दारात टेकून सोडतो तशी.

"मारा किल्ली," ती म्हणाली.

पहिल्याच दमात इंजिन सुरू झालं. हुकने सीट पुढे ओढून घेतली. चांगला सहा फुटी माणूस, गुडघे स्टिअरिंगला टेकले, तरी त्याला ते जाणवलेलं दिसलं नाही.

कोपऱ्यावरच्या पंपावर त्यांनी टाकी काठोकाठ भरली. लांब कुठेतरी बस बंद पडली होती, ती ओढायला त्याला जायचं होतं. ती तिथेच खाली उतरली. पंपावरून बाहेर पडताना त्याने उजवीकडचा दिवा लावला.

"अहो, बस डावीकडे आहे ना?"

हुक क्षणभर थांबला. मग हसला. "आहे की," म्हणाला. आणि उजवीकडे वळला.

एक दिवस गेला, दुसरा गेला. बसवाल्याचे फोनावर फोन. हुकचा फोन बंद. तिला सवय होती, तरी तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा तिने पहिल्या घंटीलाच उचलला. बाईचा आवाज होता, दबका.

"ताई... तुमच्या ट्रकच्या दारावर हा नंबर होता, म्हणून केला."

"कुठे आहे ट्रक? अपघात झाला का?"

"नाही, नाही. आमच्या दारात उभा आहे. हे... हे घरी आलेत."

"हे म्हणजे कोण?"

"माझे मिस्टर दीड महिन्यापूर्वी घाटात गेले, ताई," ती बाई म्हणाली. "ते आलेत."

हातातला फोन ओट्यावर ठेवताना तिच्या डोळ्यांसमोर ती दोन बोटं ओली पट्टी आली. पत्ता तिने विचारून घेतला होता. एस.टी. पकडायला जाताना वाटेत भंगारवाल्याचं दुकान लागलं. त्याने तिचा चेहरा बघूनच हातातली पत्रा कापायची कात्री खाली ठेवली.

"ओतलं नव्हतंत ना?"

तिने मान हलवली.

"मग आता जाऊन ओता. तळाचा नट खोला आणि मोकळी करा टाकी. पण वहिनी, एक..."

समोर एस.टी. सुटत होती. ती धावली. त्या 'पण'च्या पुढचं तिने ऐकलं नाही.

चार तासांनी ती त्या घरापाशी पोचली. दोन खोल्यांचं बैठं घर, पुढे झाडलेलं अंगण आणि अंगणात त्यांचा ट्रक. बाई दारातच उभी होती, तिशीतली, डोळे सुजलेले.

"मी आंधळी नाही ताई," ती आधीच म्हणाली. "तोंड तुमच्या मिस्टरांचं आहे. मला दिसतंय. पण परवा आले ते सरळ आत. माठ कुठे आहे ते विचारलं नाही. आणि पोरीला तिच्या लाडक्या नावाने हाक मारली. ते नाव आम्हा तिघांच्या बाहेर कुणाला ठाऊक नाही."

उघड्या दारातून आतलं दिसत होतं. हुक जमिनीवर मांडी घालून बसला होता. पाच-सहा वर्षांची पोर त्याच्या मांडीवर, आणि तो तिची नखं कापत होता. एक एक बोट धरून, जपून. हुकने कधी स्वतःच्या लेकीची नखं कापली नव्हती. ती सासरी गेली तेव्हाही तो कुणाची तरी गाडी ओढत होता.

"अहो," तिने हाक मारली.

त्याने वर बघितलं. नजर स्वच्छ, परकी.

"कोण हवंय ताई?"

पंचवीस वर्षं तिने बरंच ऐकून घेतलं होतं. हे मात्र नवं होतं. ती काही न बोलता ट्रककडे वळली आणि हत्यारांच्या पेटीतून पाना काढला. बाई मागोमाग आली.

"राहू द्या ना दोन दिवस. पोरगी दीड महिन्याने जेवली हो."

"माझा माणूस आहे तो."

"माहीत आहे. पण तुमचा असा किती दिवस असतो घरी?" बाईने हे टोचायला विचारलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त टोचलं. "दारावर नंबर लिहिलाय, तेव्हाच मला कळलं. घरी असणाऱ्या माणसाच्या गाडीवर घरचा नंबर लिहावा लागत नाही."

तिने टाकीखाली वाकून नट खोलला.

डिझेल धो धो आलं. अंगण भिजलं, उंबऱ्यापाशी डबकं साचलं. माती पीत गेली आणि ते येत गेलं, पाऊण तास. वासाने डोकं भणाणलं. शेवटी धार सुतासारखी झाली, मग थेंब, मग तेही थांबलं. आत पोरीशी चाललेलं बोलणंही थांबलं.

हुक बाहेर आला. दारात थबकून त्याने ओल्या अंगणाकडे बघितलं, मग ट्रककडे, मग तिच्याकडे. बराच वेळ. नवीन जागी कामाला लागलेला माणूस बघतो तसं. मग म्हणाला, "चल. घरी जाऊ या." तिच्या हातातली पिशवी त्याने आपल्या हातात घेतली. पोर रडत मागे आली, तेव्हा मात्र त्याने वळून बघितलं नाही. नुसते जबडे आवळले. जवळच्या पंपावरून कॅनमध्ये आणलेल्या डिझेलवर ट्रक घरी पोचला.

त्यानंतर हुक सुधारला, असं रस्ता म्हणायला लागला. लांबच्या खेपा त्याने सोडल्या. संध्याकाळी सहाला ट्रक दारात. पाय धुऊन आत येणार, "आज दमलीस का?" विचारणार, ताटं मांडणार. लेकीला त्याने फोन केला आणि तासभर ऐकत बसला. लेक नंतर आईला म्हणाली, "बाबांना झालंय काय? माझ्या घरात खिडक्या किती, तेसुद्धा विचारलं." आई म्हणाली, "वय झालं." पहिले आठ दिवस तिला वाटलं, देव पावला. नवव्या दिवशी ती भंगारवाल्याकडे गेली.

"त्या दिवशी तुम्ही 'पण' म्हणालात."

भंगारवाला हातमोजे काढत राहिला, वर बघेना. "त्यातलं दोन बोटं त्याचं होतं वहिनी. आणि वरचं?"

"वरचं ह्यांचं. पंपावर आम्हीच भरलं, बसच्या खेपेला."

"ती खेप झाली?"

"नाही."

"ज्याची खेप, त्याचं डिझेल," तो हळूच म्हणाला. "ती बस तुमच्या मिस्टरांनी ओढून आणेपर्यंत थांबायचं आणि मग टाकी मोकळी करायची, एवढंच सांगायचं होतं मला. मेलेल्याला काय, तो घरी पोचला होता, खेप पुरी. त्याला ओतलंत काय नि न ओतलंत काय. तो त्या अंगातच राहिला, आणि अंग ज्याचं, त्याचंच घर त्याला सांभाळावं लागतं. तुम्ही मातीत कुणाला जिरवलंत, ते तुम्हीच बघा."

ती घरी आली, तेव्हा सहा वाजत होते. तो आला. पाय धुतले. ताटं मांडली. जेवताना तिच्याकडे बघून हसला, आणि ती हसली. दुसरं काय करणार? पंचवीस वर्षं हीच संध्याकाळ मागितली होती तिने.

हात धुताना फोन वाजला. त्याच बाईचा.

"ताई, आमच्या अंगणात रोज ह्या वेळेला कुणीतरी खोकतं. बाहेर येऊन बघावं तर कुणी नसतं. डिझेल जिरलं ना, तिथूनच येतो आवाज. पोरगी घाबरते. आज तर... ऐका तुम्हीच."

बाईने फोन जमिनीजवळ नेला असावा. खरखर झाली. मग दोनदा कोरडा खोकला आला, आणि खाकरून घसा साफ केल्याचा आवाज. सिगरेट सोडायचं वचन देऊन कधी न सोडलेल्या छातीचा तो खोकला तिने झोपेतही ओळखला असता. आणि मग, लांबून, मातीच्या खालून यावी तशी वैतागलेली हाक.

"अगं ए... रस्ता कुठला?"

तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पुन्हा हाक आली. या वेळी वैताग नव्हता तिच्यात. भीती होती. हुकला घाबरलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

तिने फोन बंद केला.

"कोण होतं?" आतून त्याने विचारलं. किती मऊ आवाज.

"कुणी नाही."

तो बाहेर आला, तिच्या खांद्यावरून हात नेऊन त्याने दारावरचा दिवा लावला. "हा राहू दे रात्रभर," तो म्हणाला. "बाहेर असलेल्या माणसाला घर लांबून दिसलं पाहिजे गं. त्याचं फार असतं."

तो आत जाऊन आडवा होईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिने हात वर केला आणि दिवा मालवला.