आतल्या थरातले हात

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये मी जुनी चित्रं साफ करते. डाव्या अंगठ्यावर स्काल्पेलचा, रंग खरवडायच्या धारदार सुरीचा, एक व्रण आहे, तेवढीच या धंद्याची खूण. त्या उन्हाळ्यात टेबलावर चारशे वर्षांपूर्वीची एक उमराव घराण्यातली इंग्लिश बाई होती. काळी मखमल, सातपदरी मोती, गळ्याभोवती ताटाएवढी लेसची झालर. तेव्हा तिकडे कुणी काय घालायचं याचे कायदे होते. माझी आजी तिच्या आईचं सांगायची: आमच्या जातीतल्या बायकांना लुगडं घोट्यापर्यंत नेसायची मुभा नव्हती. त्यामुळे असल्या झालरींवर माझा आधीपासूनच राग.

चित्रातले गोरे हात नंतर कुणीतरी वरून रंगवले होते. तो थर काढला, तर खालून दुसरेच निघाले. लाल, भेगाळलेले, नखांशी सुजलेले. याचं मला नवल वाटलं नाही. मालकीण चेहऱ्यापुरती बसायची, कपडे चित्रकाराकडे पाठवून द्यायची, आणि ते घालून तिची मोलकरीण दिवसभर उभी राहायची.

नागपूरहून आलेली आई डबा द्यायला आली होती. चित्राकडे बघत ती म्हणाली, "अगं, हे तर तुझ्या आजीचे हात."

आजी आयुष्यभर लोकांची धुणी धूत होती. मला रडू आलं.

माझा बॉस परीक्षित मात्र वैतागला. "डोनर फॅमिलीला हे हात नकोयत, यार. पुन्हा गोरे कर. शुक्रवारी ओपनिंग आहे."

"हेच ओरिजिनल आहे."

"तुझी ग्रीन कार्डची फाइल माझ्याकडे आहे, सुवर्णा."

मी रंगवले. लाज वाटली, तरी रंगवले. आमच्या धंद्यात नियम आहे, मूळ रंगावर आधी व्हार्निश द्यायचं आणि मग दुरुस्ती करायची, म्हणजे ती कधीही पुसता येते. घाईत मी ते व्हार्निश दिलंच नाही.

बुधवारी लॅबमध्ये राखेचा आणि उग्र साबणाचा वास येत होता. संध्याकाळपर्यंत माझ्या पेरांना चिरा गेल्या. डॉक्टर म्हणाली, भांड्यांचा साबण बदला.

गुरुवारी लॅबच्या दाराने माझं बोट ओळखलं नाही. चार वेळा ठेवून पाहिलं. शेवटी गार्डने दार उघडलं.

आत ब्रश बोटांत टिकेना. मी घाबरले. हे हात गेले तर माझ्याजवळ दुसरं काय आहे? मी तो गोरा रंग काढायला बसले. कापसाच्या बोळ्यांमागून बोळे संपले. रंग हलला नाही.

शुक्रवारी मी आईची निळी रेशमी साडी नेसले. हॉलमध्ये एका बाईंनी न बघताच रिकामा ग्लास माझ्या हातात दिला.

मग दुसरीने.

मग परीक्षितने.

आई चित्रासमोर उभी होती.

"सुवर्णा," ती हळूच म्हणाली, "हिच्या अंगठ्यावर तुझ्यासारखाच व्रण कसा गं?"

मी ग्लास खाली ठेवले आणि माझा डावा अंगठा उजेडात धरला. भेगाच भेगा होत्या.

व्रण नव्हता.