चाफ्याजवळची चौथी खुंटी

"मॅडम, चार नंबर परत सरकलीय. तिसऱ्यांदा!"

मोजणीदार संदेशचा फोन आला तेव्हा सुहासिनी बाळकुममधल्या आपल्या घरी चहा पीत होती. कप तसाच ठेवून तिनं स्कूटर काढली. बांधकाम खात्यातली ही कनिष्ठ अभियंता इतकी हट्टी, की तिच्या साहेबांनीही तिच्याशी वाद घालणं सोडून दिलं होतं.

आंबिवलीच्या पुढे, पाड्यावरच्या टेकडीत खडीची खदान आखायची होती. सात पाड्यांच्या रस्त्यांना तीच खडी लागणार. सोमवारी खनिकर्म अधिकारी पाहणीला येणार होते. नकाशा आणि हद्दीच्या खुंट्या जुळल्या नाहीत तर प्रस्ताव परत जाणार, आणि रस्ता आणखी एक वर्ष लांबणीवर पडणार.

टेकडीवर सहा खुंट्या होत्या. पाच जागच्या जागी. चौथी तीस फूट वर, पण पाचवीच्या रेषेत अगदी सरळ ठोकलेली. तिचा जुना खड्डा मातीनं बुजवलेला होता आणि वर बोटांचे ठसे होते. कुणीतरी माती हलक्या हातानं थापली होती. शेजारी उघड्या माळावरचा एकुलता एक चाफा. त्याचं आळं ओलं होतं.

"महेंद्रचंच काम," संदेश म्हणाला. "खदान झाली की त्याची खडी कोण घेणार?"

महेंद्रचा क्रशर पायथ्याशीच होता. सुहासिनी तिथं गेली.

"खुंटी तुम्ही हलवली?"

"मी? मला खदान नको असती तर सहाच्या सहा उपटल्या असत्या ना! एक हलवून काय फायदा?"

माणूस गोड नव्हता, पण बोलला ते खरं होतं.

दुपारी फेरमोजणी झाली. मोजणीच्या फितीचं दुसरं टोक नेहमीप्रमाणे गोमाजीनं धरलं. रस्त्यासाठी बावीस वर्षं अर्ज करणारा हा गावचा माणूस. आजही तो वर अनवाणीच आला होता.

"चपला कुठे, काका?"

"खाली ठेवल्यात. पट्टा तुटलाय, बाय."

त्याची बायको मंजुळा सगळ्यांसाठी भाकऱ्या घेऊन आली. टोपली तिनं रोजच्यासारखी चाफ्याखाली ठेवली. जेवणं झाल्यावर ती फुलं वेचून पदरात भरू लागली.

"देवाला?" सुहासिनीनं विचारलं.

"नाय बाय. माझ्या पोरीला. आठ दिसांची व्हती, गेली. नदीकाठी पुरलीय. दरवर्षी या दिवसांत फुला नेते."

गोमाजी फीत गुंडाळत होता. गुंडाळून झाली, तरी त्याचे हात थांबले नाहीत.

मंजुळा टोपली घेऊन उतरली. तिच्यामागून सुहासिनीही पायथ्यापर्यंत गेली. दगडावर गोमाजीच्या चपला होत्या. दोन्ही पट्टे धड होते.

ती तशीच परत वर चढली. संदेशला तिनं गाडीकडे पाठवलं.

"काका, खुंटी तुम्हीच हलवता."

"मी? अवो, रस्ता मागितला कोणी?"

"म्हणूनच तुमच्यावर कुणाचा संशय गेला नाही. पण हलवणाऱ्याला खदान बंद पाडायची नव्हती, फक्त हा कोपरा वाचवायचा होता. खुंटी रेषेत ठोकलीय, म्हणजे हात फीत धरणाऱ्याचा. खड्डा बुजवून थापलाय, एप्रिलमध्ये चाफ्याला पाणी घातलंय. आणि पट्टा धड असून तुम्ही इथं चपला घालून येत नाही." तिचा आवाज उतरला. "नदीकाठी कुणी नाहीये ना?"

गोमाजीनं फीत खाली ठेवली.

"दोघींना ताप व्हता. जीपनं कल्याणला नेत व्हतो. त्या खड्ड्यांत दोनदा जीप अडकली. पोर वाटेतच गेली. मंजुळा चार दिस शुद्धीत नव्हती. मी एकट्यानंच पोरीला इथं आनली, वर चाफ्याची फांदी लावली."

"मग नदी का सांगितली?"

"आमच्या दारातून टेकडी दिसते, बाय. खरं सांगितलं असतं तर ती रोज इथं येऊन बसली असती. जगली नसती. म्हणून कधी बोललोच नाय. रस्ता पायजे, बाय, दुसऱ्या कुणाची पोर तशी जाऊ नये. पण माझ्या पोरीवर सुरुंग कसा लावू?"

मागं काहीतरी वाजलं. सुहासिनीनं वळून पाहिलं.

मंजुळा उभी होती. राहिलेला पाण्याचा हंडा न्यायला ती परत आली होती. हंडा तिच्या हातातून सुटून उतारावर गडगडत गेला. सुहासिनीला आपल्याच हुशारीची शरम वाटली. इथं, उघड्यावर हे विचारायची काय गरज होती?

तिनं नकाशा मांडीवर उघडला.

"तुम्ही ठोकलीत तिथून खुंटी आणखी वीस फूट वर घेते, नकाशाही तसाच करते," ती म्हणाली. "हा कोपरा खदानीबाहेर. खडी थोडी कमी निघेल, पण रस्त्याला पुरेल. अधिकाऱ्यांना काय सांगायचं ते मी बघते."



मंजुळा नवऱ्याकडे बघत होती.

"बावीस वर्षं मी नदीला फुला वाहिली," ती म्हणाली. "आनि टोपली हिच्या अंगावर ठेवली."

गोमाजीनं तोंड हातांनी झाकून घेतलं.

मंजुळानं चपला काढल्या. चाफ्याजवळ येऊन ती हळूच गुडघ्यांवर बसली आणि पदर सोडला.

"डोकं कनच्या बाजूला हाय तिचं?"

गोमाजीनं बोट दाखवलं. सगळी फुलं तिनं तिकडे ठेवली.