दुसऱ्या खाचेतलं काम

बाजारात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. पदवी कुणी दिली नव्हती. बिघडलेला लॅपटॉप हातात आला की ती आधी त्याला कान लावायची, म्हणून हे नाव पडलं. तिथल्याच एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. एक लांबट टेबल, त्यावर रबरी चटई, भिंगाचा दिवा आणि स्क्रूंच्या डब्यांची रांग. बावीस वर्षांत तिने एकही यंत्र ‘समजत नाही’ म्हणून परत पाठवलं नव्हतं. काही मेलेली परत गेली होती, पण का मेली ते कागदावर लिहून. यंत्र खोटं बोलत नाही, विचारणाराच चुकीचा प्रश्न विचारतो, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते ती कुणी न विचारताही ऐकवायची.

त्या दिवशी सकाळी साडेअकराला एक बाई धापा टाकत आत आली. पस्तिशीची असेल. खांद्याला नकाशांचं नळकांडं आणि छातीशी एक जाडजूड लॅपटॉप, तान्हं मूल धरावं तसा.

“ताई, यात बत्तीस जीबी मेमरी आहे, पण सोळाच वापरायला मिळते. चारच्या आत सगळी मिळायला हवी.”

“चारचा मुहूर्त कुणी काढला?” डॉक्टरीणबाई स्क्रू शोधत म्हणाली.

बाईने नळकांडं खाली ठेवलं आणि सांगितलं. लॅपटॉप तिच्या दादाचा. दादा पुलांची ताकद मोजणारा इंजिनियर. ती त्याच्याच हाताखाली शिकली होती. नदीवरच्या जुन्या पुलाचा तिसरा खांब आतून खचलाय, असं दादा सांगत राहिला. वरच्या साहेबांनी त्याला चक्रम ठरवलं. पुरावा म्हणून त्याने सगळ्या पुलाचं गणित मांडायला घेतलं आणि नऊ महिन्यांपूर्वी, याच लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या, तो गेला. छातीत कळ आली आणि संपलं. आता पुलाला डागडुजी करून रंग फासला होता. उद्या सकाळी पूल खुला व्हायचा होता आणि आज चारला शेवटची बैठक होती.

“गणिताचा प्रोग्राम याच मशीनवर चालतो, दुसरीकडे उघडतच नाही. मी सुरू केलं की पाच मिनिटांत मेमरी अपुरी म्हणून बंद पडतो. साहेब म्हणाले, कागदावर काही असेल तर दाखवा, नाहीतर भावाला आता शांत झोपू द्या.”

डॉक्टरीणबाईने मान वर केली. “असं म्हणाले?”

“असंच.”

“बसा इथे.”

तिने आधी सोप्या गोष्टी तपासल्या. मेमरीवर कुणी मर्यादा घातली आहे का, पडद्यासाठी जास्तीची राखून ठेवली आहे का. दोन्ही ठीक. मग तिने लॅपटॉप उलटा केला, बॅटरी सुटी केली, पाठ उघडली. आत दोन खाचा, दोन्हींत मेमरीची एकेक पट्टी. तिने पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, खाचांत ब्रश फिरवला, पट्ट्या पुन्हा बसवल्या. सोळाच. अदलाबदल केली. सोळाच. पहिल्या खाचेत कुठलीही पट्टी ठणठणीत चालायची. दुसऱ्या खाचेत जाईल ती दिसायची, पण हाती लागायची नाही.

“खाच खराब आहे का?” बाईने विचारलं.

“खराब असती तर पट्टी दिसलीच नसती. ही दिसते आणि म्हणते, मी कामात आहे.”

“कुणाच्या?”

“तेच बघायचंय.”

तिने दुसऱ्या खाचेतली पट्टी काढून चटईवर ठेवली आणि एकाच पट्टीवर लॅपटॉप सुरू केला. आता एकूणही सोळा आणि वापरायलाही सोळा दिसायला हवे होते, हिशेब मिटला.

पडद्यावर आलं: एकूण बत्तीस, वापरता येतील सोळा.

डॉक्टरीणबाईने चटईवरच्या पट्टीकडे पाहिलं. मग उघड्या लॅपटॉपमधल्या रिकाम्या खाचेकडे. मशीन बंद करून तिने पुन्हा सुरू केलं. बत्तीस. सोळा. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एखादं यंत्र तिच्या तोंडावर असं काही सांगत होतं.

“काय झालं?”

“काही नाही. जरा पाणी पिते.”

पाणी पिऊन तिने बॅटरी पुन्हा काढली, वायर उपटली, आणि दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसली. दहा मिनिटांत आतलं सगळं निवतं. निवलंही होतं, तिने बोट लावत लावत तपासलं. पंखा गार, पहिली खाच गार. दुसऱ्या खाचेवर बोट गेलं आणि तिने झटकन मागे घेतलं.

कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची असते, तशी ती उबदार होती.

बाई तिच्याकडे टक लावून बघत होती. “ताई, खरं सांगा.”

“खरं सांगायला मला कळायला नको का?” डॉक्टरीणबाई चिडून म्हणाली. स्वतःवरच चिडली होती. “तुमच्या दादाचं काम कुठे ठेवलेलं असायचं? दाखवा.”

लॅपटॉप सुरू झाला. बाईने पुलाचं फोल्डर उघडलं. त्यात उत्तरांची एकच फाइल होती.

“ही मी कधी उघडलीच नाही. अर्धवट असणार म्हणून.”

“हिचा आकार बघा.”

दोघी बघत राहिल्या. आकडा वाढला. थोडं थांबून आणखी वाढला.

“तुम्ही काही सुरू केलंय?”

“नाही.”

“मीही नाही.”

बाईने फाइल उघडली. पहिल्या ओळीवर तारीख होती, नऊ महिन्यांपूर्वीची. खाली पायऱ्या, एकीखाली एक. वाचता वाचता तिच्या ओठांचा रंग गेला. “हा तोच पूल आहे. पण दादाने सुरू केलं होतं त्याच्या कितीतरी पुढे. लॅपटॉप कपाटात होता हो ताई. चार्जरसुद्धा नव्हता त्याच्याजवळ.” तिने तळाची ओळ वाचली. “पाच हजार पायऱ्या लागतात. चार हजार सहाशे दहा झाल्यात.”

ती बोलत असतानाच तळाला नवी ओळ उमटली. चार हजार सहाशे अकरा.

डॉक्टरीणबाईने घड्याळ लावून दोन पायऱ्यांमधलं अंतर मोजलं. एक मिनिट. कपाटात याहून सावकाश चालत असणार. आता उरली तीनशे एकोणनव्वद मिनिटं. आता दीड वाजला होता.

“रात्र होईल,” बाई म्हणाली. “चारला सगळं संपेल.”

सकाळपासून आपण ही मेमरी हिसकावून घ्यायला बघत होतो, हे डॉक्टरीणबाईच्या ध्यानात आलं. प्रश्नच उलटा विचारला होता.

ती उठली. कपाटाच्या वरच्या खणातून तिने एक डबी काढली. दुकानातली सगळ्यात मोठी पट्टी, बत्तीसची, एकटीच.

“अगं, त्यांना जागा कमी पडतेय,” ती म्हणाली. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आली ते तिलाही कळलं नाही. “ओट्याच्या कोपऱ्यावर पन्नास माणसांचा स्वयंपाक मांडलाय त्यांनी.”

“पण मशीन बंद केलं तर मोडेल ना सगळं?”

“नऊ महिने कपाटात नाही मोडलं.”

लॅपटॉप बंद झाला. डॉक्टरीणबाईने पट्टी दुसऱ्या खाचेशी धरली. एरवी दाब द्यावा लागतो.

पट्टी आतून ओढल्यासारखी बसली.

मशीन सुरू झालं.

चार हजार सहाशे वीस. एकवीस. बावीस.

पंखा घोंगावू लागला. पायऱ्या आता मोजता येईनात. ओळी पाण्याच्या धारेसारख्या वर सरकत होत्या. बाईने टेबलाची कड घट्ट धरली. डॉक्टरीणबाईने सवयीने लॅपटॉपला कान लावला, आणि लगेच काढून घेतला. काय ऐकलं ते तिने पुढे कधी सांगितलं नाही.

चार हजार आठशे.

चार हजार नऊशे.

“चल, चल, चल,” डॉक्टरीणबाई पुटपुटली.

पावणेदोनला पाच हजारावी ओळ उमटली. पंखा मंदावला. तिने मेमरी पाहिली: एकूण अठ्ठेचाळीस, वापरता येतील अठ्ठेचाळीस.

“मिळाली!” बाई ओरडली, हसली आणि ढसाढसा रडली, तिन्ही एकदम. डॉक्टरीणबाईने प्रिंटर लावला. एकशे बारा पानं निघाली. तिने ती स्वतः टाचली, दुकानाला कुलूप घातलं आणि बाईबरोबर रिक्षात जाऊन बसली. हे सोडून दुकानात कोण बसणार?

बैठकीत साहेबांनी पहिलं पान चाळलं, दुसरं चाळलं, मग चष्मा घातला. विसाव्या पानावर त्यांनी नकाराची मान हलवायचं थांबवलं. पूल उद्या उघडणार नाही, असं साडेपाचला जाहीर झालं. आठवड्याने साहेबांच्या माणसांनी तिसऱ्या खांबावरचा नवा रंग खरवडला आणि हातोडा मारला. हातोडा दांड्यापर्यंत आत गेला. आतल्या सळया चिमटीत धरल्या की भुगा व्हायच्या. अहवालाच्या मुखपृष्ठावर दादाचं नाव छापून आलं, आणि ज्यांनी त्याला चक्रम म्हटलं होतं त्याच साहेबांनी ते भर सभेत उभं राहून वाचलं. बाईने तिथूनच फोन लावून डॉक्टरीणबाईला टाळ्या ऐकवल्या. डॉक्टरीणबाईने बाजारभर ही गोष्ट सांगितली. नुसती खाचेची ऊब गाळून.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका मंगळवारी भर दुपारी, बाईचा पुन्हा फोन आला.

“ताई, परत सोळाच दाखवतोय.”

“मग घेऊन ये की. तुला काय मुहूर्त लागतो?”

“नाही, दुरुस्ती नकोय. काम सुरू झालंय. नवी फाइल आहे, मी आत्ता उघडली. या वेळी पूल नाही, इमारत आहे.” आता तिचा आवाज इंजिनियरचा होता, मोजूनमापून. “तुम्ही दुकानातच आहात?”

“हो. का गं?”

“हातातलं आहे तिथेच ठेवा आणि खाली या. लिफ्टने नको. जिन्याने या, भिंतीच्या बाजूने. आणि ताई, पाय हळू टाका.”