किती लिहिलंस?

मोबाइल उलटे ठेवा आधी. हं. आणि भाची असलीस म्हणून मध्ये मध्ये तोंड घालायचं नाही. उद्यापासून तुम्ही तिघी हॉस्पिटलात रात्रपाळीला लागणार म्हणून सांगतोय, नाहीतर मला ही आठवण काढायची हौस नाही.

मी वीस वर्षं हॉस्पिटलची गाडी चालवली. ज्याचं हे घडलं, तो आमच्याकडे श्वासाची मशीनं सांभाळायचा. व्हेंटिलेटर, घरी द्यायची ऑक्सिजनची मशीनं, सगळं. हवेचं खातं म्हणून आम्ही त्याला हवालदार म्हणायचो. कामात हुशार, पण डोकं गरम. तुमच्यासारखंच.

तर नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. रात्री दहाला आम्ही दोघं निघालो ते अगदी साध्या कामाला. एका घरी दिलेलं ऑक्सिजनचं मशीन परत आणायचं होतं. ते वापरणारे आजोबा तीन आठवड्यांपूर्वी गेले होते. आणि तसंच मशीन एका बाईंना हवं होतं. त्यांचाही फुप्फुसाचा तोच जुना आजार, दुपारीच घरी सोडलेलं. घरी एकच सिलिंडर, तोही साडेबारापर्यंत पुरणार. दुसरं मशीन शिल्लक नव्हतं. साडेबाराच्या आत पोचलो नाही, तर बाईंचं काही खरं नव्हतं.

हवालदार गाडीत बसला तो तोंड शिवल्यासारखा. मी म्हटलं, "काय रे, बायकोनं घराबाहेर काढलं का?"

तर म्हणतो, "वर तू जा. मी गाडीत थांबतो."

"आणि माझी कंबर गेली तर तुझा काका उचलणार का मला?"

मग अर्ध्या रस्त्यात त्यानं सगळं ओकून टाकलं.

आजोबा आयुष्यभर वजनकाट्यावर होते. भरलेले ट्रक तोलायचे. आकड्याला पक्का माणूस. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, ऑक्सिजन मिनिटाला दोन लिटरवर, त्याच्या वर नाही.

"मामा, अशा पेशंटला जास्त दिला तर..."

बोललीसच ना? बोल आता. पाठ केलंयस ना सगळं.

"तर श्वास मंदावतो. खराब हवा बाहेर पडत नाही, रक्तात साठते. गुंगी येते."

बरोबर. आणि गुंगीतला माणूस घरच्यांना कसा दिसतो? शांत झोपलेला. हे तुमच्या पुस्तकात नसेल.

तीन आठवड्यांपूर्वी एका रात्री आजोबांची धाप वाढली. मुलानं हवालदारला बोलावलं आणि हा दारात येताच मुलगा त्याच्या अंगावर धावून गेला. "दोन काय दोन? माणूस गुदमरतोय आणि तुम्ही हवेतही चिकटपणा करता? वाढवा!" यानं एकदा समजावलं, दोनदा समजावलं. खरं तर डॉक्टरांना फोन लावायचा. तो लावला नाही. अजून तीन घरं बाकी होती, डोकं फिरलेलं. "घ्या, होऊ दे तुमच्या मनासारखं," म्हणाला आणि बटण सहावर नेलं.

आजोबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. खाली घेतली. परत दाखवली. दोन. दोन.

सून म्हणाली, "अहो, त्यांना दोन नंबरला जायचंय." भांडं आणलं.

हसू नका! मीही हसलो होतो गाडीत, त्याची अजून लाज वाटते. भांड्यावर बसवलेला तो माणूस दोन बोटं नाचवत होता, आणि त्याच्यासमोर उभं राहून हवालदारनं कागदावर लिहिलं, 'दोन लिटरवर ठेवले'. सही ठोकली. हळूहळू म्हाताऱ्याचा हात खाली आला. मुलगा म्हणाला, "झोप लागली एकदाची." पहाटे आजोबा गेले. घरचे सगळ्यांना सांगत होते, झोपेतच गेले हो, पुण्यवान.

"मी लिहिताना ते बघत होते," हवालदार मला म्हणाला. "आकडा वाचला त्यांनी."

दहा चाळीसला पोचलो. गल्लीच्या टोकाचं दुमजली घर. मुलानं दार उघडलं, या बसा काही नाही. "तीन आठवडे फोन करतोय. न्या ते मढं." हातावर चावी आपटली. खोली वर, मागच्या बाजूला, कुलूप बाहेरून. हवालदारनं विचारलं, "कुलूप कशाला?" तर ओरडला, "न्या म्हटलं ना!" आणि स्वतः मात्र एकही पायरी चढला नाही.

मी फाटकाशी गाडी लावून बसलो. वरचं हवालदारनं सांगितलं तसं सांगतो.

पलंगावरची गादी गुंडाळलेली. मशीन कोपऱ्यात. वायर गुंडाळून मुठीला बांधलेली. मशीनवर एक काचेची नळी असते, त्यात छोटी गोळी. मशीन चालू असलं की गोळी वर तरंगते, बंद असलं की तळाला. हा वाकला आणि बघितलं...

गोळी वर होती. सहावर.

त्यानं बटण शून्यावर आणलं. गोळी पडली. मशीन ढकलायला लागला. चाक अडकलं. खाली बघितलं, चाक सोडवलं, वर बघितलं. सहा.

मग आवाज सुरू झाला. घर्र... फुस्स. घर्र... फुस्स. प्लग याच्या हातात होता.

आणि पाय जड झाले. तो पलंगाच्या फळीवर बसला. बसायचं नव्हतं... बसला. कानामागून काहीतरी गार सरकलं. मऊ नळी. तो पेशंटला घालायचा, अगदी तशी, आधी डावा कान, मग उजवा.

मागून आवाज आला. धाप लागलेला नव्हे. पटांगणात ट्रकवाल्याला आकडा ओरडून सांगावा, तसा.

"किती लिहिलंस?"

"...दोन."

"किती होतं?"

घर्र... फुस्स.

"किती होतं?"

डोळे मिटत होते. मी खालून हॉर्न वाजवत होतो, सव्वाअकरा झाले होते. त्याला ऐकू येत होता हॉर्न. लांबून. उठावं... नको... जरा वेळ... छान वाटत होतं, म्हणाला. त्याचीच मला भीती वाटते.

मग अगदी कानाशी. मुलाचेच शब्द, म्हाताऱ्याच्या आवाजात.

"झोप लागली... एकदाची."

"सहा!"

ते मी खाली ऐकलं. गल्लीनं ऐकलं. "सहा होतं! मी केलं सहा!"

मग काही नाही... कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

पायरीपायरीवर मशीन आपटत तो खाली आला. जिन्याशी मुलगा, तोंडावर रक्त नाही. "काय म्हणालात? किती होतं?"

"सहा. दोन हवं होतं. कागदावर मी खोटं लिहिलं."

'तुम्हीच वाढवायला लावलंत' असं म्हणाला नाही तो. मुलानं खाडकन मुस्काटात दिली. ओरडणं ऐकून मी दारापर्यंत आलो होतो, पण मध्ये पडलो नाही. खायलाच हवी होती ती.

बाराला दहा कमी असताना बाईंच्या घरी. मशीन लावलं, दोनवर. आणि त्यांचाही मुलगा म्हणाला, "दोनच? जरा वाढवा की." हवालदारनं मध्यरात्री डॉक्टरांना उठवलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, फोन मुलाच्या कानाला लावला. मग बटणावर हात ठेवून सकाळपर्यंत बसला. बाई आजही आहेत, सुनेशी भांडण्याइतका दम आहे. सकाळी त्यानं हॉस्पिटलात जाऊन खरा आकडा लिहून दिला. चौकशी झाली, पेशंटच्या घरी जायचं काम काढून घेतलं.

एक गोष्ट राहिली.

त्या रात्री बाईंच्या घरी, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा चालतोय का, हे बघायला त्यानं तो आधी स्वतःला लावला. धडधाकट माणसाचा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णवच्या आसपास. माझा तेवढाच आला. बाईंच्या मुलाचा नव्व्याण्णव. हवालदारचा अठ्ठ्याऐंशी, त्या आजोबांसारख्या पेशंटचा असतो तेवढा. सेल बदलले, चिमटा बदलला, दहाही बोटं पाहिली. अठ्ठ्याऐंशी. पुढे मनगटातून रक्त काढून तपासलं, फुप्फुसाचे फोटो काढले. सगळं साफ. चार मजले न थांबता चढतो. पण कुठलाही चिमटा लावा, अठ्ठ्याऐंशी.

हे तो जागा असेपर्यंत. झोप लागली की आकडा उतरायला लागतो. त्याची बायको रोज रात्री त्याचं बोट धरून उशाशी बसते, आणि सत्तरवर आला की हलवून उठवते.