रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

पटो वा न पटो, ही घडलेली गोष्ट आहे. रात्रीची नाही. मंगळवारची, दुपारी सव्वाबाराची, लख्ख उजेडातली. घडली माझ्या आत्याच्या झोपायच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटात.

आत्या आवाजाची कलाकार. बावीस वर्षं डबिंग केलं. साबणाच्या जाहिरातीतली सून ती, कार्टूनमधली चेटकीण ती, आणि लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे" म्हणते तीही तीच. मग मंदी आली. जाहिराती आटल्या, एकामागून एक स्टुडिओंना टाळं लागलं. जो तो सांगू लागला, आता पुरे, घरी बस.

"घरीच बसते," आत्या म्हणाली. "कपाटात."

तिने हँगर सरकवले, चारी बाजूंनी रजया टांगल्या आणि आत माइक लावला. हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली ती नव्हेच.

पाच महिन्यांनी एका ऑडिओबुक कंपनीचं काम चालून आलं. बारा भागांची कादंबरी वाचायची. मिळालं तर वर्षभराची निश्चिंती, नाहीतर खरंच घरी बसायचं. नमुना म्हणून आधी दोन पानं पाठवायची होती.

वाचण्याआधी आत्या नेहमी रिकामी खोली रेकॉर्ड करते. बोलायचं नाही, हलायचं नाही. ती शांतता नंतर वाक्यांमधल्या फटी बुजवायला लागते.

त्या दिवशीही तिने मशीन सुरू केलं. हेडफोन लावून बसली.

आणि...

कोणीतरी श्वास घेतला.

वाक्य सुरू करण्याआधी कलाकार घेतो, तसा. खोल, पोटातून.

तिने स्वतःचा श्वास रोखला. तो मात्र चालूच राहिला...

थकले असेन, म्हणून ती मशीन तसंच सोडून कोमट पाणी प्यायला गेली. परत येऊन ते बंद केलं, नव्याने सुरू करून दोन पानं वाचली आणि घाईघाईत पाठवून दिली.

तासाभराने कंपनीतल्या बाईंचा फोन. "मॅडम, अंगावर काटा आला. काम तुमचंच. फक्त सगळे भाग याच आवाजात हवेत."

खुशीत आत्याने पाठवलेली फाइल उघडली. चुकून रिकाम्या खोलीची गेली होती.

तिने ती लावली.

थोडी शांतता... श्वास... आणि मग एक बाई वाचू लागली. तीच दोन पानं. कुठे अडखळणं नाही.

आवाज आत्याचा नव्हता.

आत्याहून चांगला होता. तिला तेच जास्त लागलं.

मीही शेजारी बसून ऐकत होतो; माझी तर पाचावर धारण बसली. "आत्या, काम मिळालंय ना? गप्प राहा. त्यांना कुठे कळतंय?"

"मला कळतंय."

तिने फोन लावला. "चुकीची फाइल गेली. तो आवाज माझा नाही. माझा आज पाठवते, पटला तर घ्या."

मग कपाटात शिरली. आतल्या अंधाराला म्हणाली, "बाई, कोण असाल त्या असा. वाचता छान. पण बावीस वर्षं घसा मी झिजवलाय. हे काम माझं आहे."

दार लागलं. बाहेर मला दोन आवाज ऐकू येऊ लागले.

दुसरा आवाज आत्याच्या अर्धा शब्द पुढे असायचा. तो चढला की आत्याही चढायची. सहा वेळा तिने ती पानं वाचली. घसा बसला, तरी हटली नाही. सातव्या वेळी...

एकच आवाज उरला.

तो कोणाचा, हे दार उघडेपर्यंत मला कळलं नाही.

घामाघूम आत्या बाहेर आली. तिने नमुना पाठवला. दोन दिवसांनी "चालेल" असं उत्तर आलं.

सध्या सातवा भाग सुरू आहे. परवा त्याच बाईंचा फोन आला. "मॅडम, आवाज काय खुललाय तुमचा."

आत्याने फोन ठेवला. मला समोर बसवलं.

"डोळे मिट. हा आवाज कोणाचा?"

"तुझाच," मी म्हणालो.

"मग झालं तर," म्हणत ती ताठ मानेने कपाटात गेली.

मी खरं बोललो की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.