लेपाखालचा हात

साहेब, तुम्ही खोटं बोललात. माझा दादा नोकरी सोडून गेलेला नाही. वहिनीच्या तोंडावर म्हणालात, "भेटली असेल कुणीतरी." लाज नाही वाटली?

तुम्हाला काचेआडून नुसता झगझगीत झोत दिसतो, म्हणून नीट सांगतो. भयंकर आच सोसणाऱ्या भागांवर मी सिरॅमिकची पावडर वितळवून मारतो. पोस्टकार्डाच्या जाडीचा पांढरा लेप बसतो. त्याआधी वाळूच्या माऱ्याने धातू खरवडायचा, आणि खरवडलेल्या धातूला उघडा हात लावायचा नाही. घामाचा डाग राहिला, तर तापल्यावर लेप तिथेच सुटतो. हे मला दादानेच शिकवलं, टपल्या मारमारून. खरवडायचं काम त्याचं. त्या कोंदट, जाड दाराच्या खोलीत.

दादा दिसेनासा झाला आणि लेप सुटायला लागले. "हातमोजे घाल, गाढवा!" तुम्ही ओरडलात. घातले होते! शेवटी ताटाएवढी एक चकती मी स्वतः खरवडली, चिमट्याने उचलली, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. लेप मारला, भट्टीत तापवली, बाहेर काढली.

टक् झालं. लेपाचा तुकडा उडाला.

खाली तळवा उमटला होता. पाच बोटं. करंगळी आत वळलेली, दादाच्या उजव्या करंगळीसारखी.

मी फक्त नाचायचा बाकी राहिलो, साहेब! दादा इथेच असल्याचा पुरावा होता तो! चकती शर्टाखाली दडवून घरी पळालो.

"काय घबाड मिळालं, भावजी?" वहिनी हसली. मग तिने पाहिलं.

तिने पदराला हात पुसला. उजवा तळवा त्या खुणेवर ठेवला. बसेना. अंगठा भलत्याच बाजूला. तिने हात उताणा केला, तशी बोटावर बोट बसलं.

"ह्यांचाच आहे," ती म्हणाली. "पण बाहेरून नाही टेकवलेला, भावजी. आतून."

आज दुसरी चकती तापवून घरी आणली. लेप कुठेच सुटलेला नाही. चार जागी फुगलाय. आवळलेल्या मुठीची चार टेंगळं.

चकती केव्हाच गार झाली.

आतून येणारी टकटक थांबलेली नाही.

वहिनी समोर बसलीय. बोटाने हळूच वाजवून ती उत्तर देतेय.

साहेब, दादाच्या त्या जाड दाराच्या खोलीची कडी बाहेरून कुणी लावली?